घरच्या लेथला परवडणारी धार

सकाळी ६

शनिवारी मशीन सुरू करायच्या आधी मी टूलचे डबे रिकामे करतो. जुन्या वर्तमानपत्रावर सगळं ओतायचं आणि एकेक नग उजेडात धरून बघायचा. कुठल्या टूलला अजून धार आहे, कुठलं दगडाला आणखी दोनदा टेकवलं की संपेल, कुणाची टीप उडाली आहे. हायस्पीडचे अर्धा इंची बीट झिजून इतके आखूड झाले की टूलपोस्टात पकडायलाही पुरेनात, म्हणजे बाहेर पडायची वेळ झाली. आज तसे बरेच निघाले. पार्टिंगचं पातं मधेच तुटलंय. बोरिंग बार एकच आहे आणि तो जाड, लहान भोकात शिरत नाही.

मशीन साडेचार फुटी, राजकोटचं, कोन पुलीवर चालणारं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलंय. कागलसारख्या गावात अशा मशीनवर काय काम येतं? पंपाचे गनमेटलचे बुश, ट्रॉलीच्या पिना, बिडाच्या पुल्या, कधी हुपरीच्या एखाद्या चांदी कारागिराचा रूळ. मजुरी गावातली. कारखाना ज्या भावानं हत्यारं घेतो त्या भावानं मी घेतली, तर बुशाच्या मजुरीत टीपेचेही पैसे सुटणार नाहीत.

तरी माझी तक्रार नाही. कागलच्या पूर्वेला पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे, कोल्हापूरकडं जाताना वाटेत गोकुळ शिरगाव लागतं, पुढं शहरात शिवाजी उद्यमनगर. घरच्या लेथला लागणारं जवळजवळ सगळं या वीसेक किलोमीटरांत आहे, आणि त्यातलं बरंचसं मोठ्या मशीनांनी टाकून दिलेलं. काय टाकाऊ आणि काय आपल्या मशीनला चालणारं, एवढं ओळखता यायला हवं.

सकाळी ७

निघण्याआधी कागदावर हिशेब करतो. नव्या माणसाचे पैसे इथंच वाचतात किंवा बुडतात, म्हणून हा हिशेब मी कुणालाही हौसेनं समजावतो.

कापायचा वेग मीटरमध्ये घ्यायचा, हजारानं गुणायचं, मग जॉबच्या मिलिमीटरमधल्या व्यासाच्या ३.१४ पटीनं भागायचं. मिनिटाच्या फेऱ्या येतात. साधं माइल्ड स्टील हायस्पीड टूलनं मिनिटाला ३० मीटरच्या आसपास कापावं. २५ मिलिमीटरच्या सळईला त्याच्या ३८० फेऱ्या होतात, माझं मशीन त्या आरामात देतं. त्याच सळईला कार्बाइड लावलं आणि १२० मीटर धरले, तर फेऱ्या दीड हजाराच्या वर जातात. एवढी धाव या मशीनला नाही. मग कार्बाइड हळू चालवावं लागतं, धातू टीपेच्या टोकाला चिकटून बसतो, निघताना धार घेऊन निघतो आणि जॉबवर ओरखडे राहतात. माणूस म्हणतो, टीप भिकार निघाली. टीप चांगलीच असते.

आता १०० मिलिमीटरची बिडाची पुली घ्या. कार्बाइडनं ७० मीटर धरले तर सव्वादोनशेच्याही आत फेऱ्या लागतात. इथं माझं मशीन आणि कार्बाइड यांचं जमतं. बिडाच्या कातडीत वाळू रुतलेली असते, ती हायस्पीडची धार एका फेऱ्यात खाऊन टाकते, तेव्हा तिथं कार्बाइड हवंच.

म्हणून यादी अशी: लहान व्यासाच्या पोलादाला हायस्पीड, मोठ्या व्यासाच्या बिडाला कार्बाइड, आणि भोकासाठी एक बारीक बार. ही यादी खिशात नसेल तर दुकानदार जे समोर ठेवील ते चांगलंच दिसतं.

हायस्पीड स्टील जुनं झालं, असं हल्ली पोरं म्हणतात. टेलर आणि व्हाइट या दोघांनी अमेरिकेत त्याची उष्णता-प्रक्रिया बसवली आणि १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात टोक लाल होईतो तापलेलं टूल लोखंड कापताना लोकांनी बघितलं. साध्या कार्बन स्टीलची धार दोन-अडीचशे अंशांवर मऊ पडू लागते, हायस्पीड सहाशेच्या आसपास टिकतं. १९२६ मध्ये जर्मनीत क्रुपनं कार्बाइडला ‘विडिया’ हे व्यापारी नाव दिलं, आणि आपल्याकडचे जुने टर्नर अजून कुठल्याही कंपनीच्या कार्बाइडला विडियाच म्हणतात. पण दोन हॉर्सपॉवरच्या मशीनसाठी हायस्पीडचं राज्य संपलेलं नाही. ते चिवट आहे, धक्का सोसतं, आणि धार आपल्या हातानं लावता येते. महाग टीपेला घरी धार लावता येत नाही, हे खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही.

सकाळी ९

पंचतारांकित वसाहतीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारखे मोठे कारखाने आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला सुटे भाग करणारी सीएनसीची छोटी-मोठी शॉप. मी जातो ते एका छोट्या शॉपमध्ये. दाराजवळच्या टेबलावर रंगाचा रिकामा डबा असतो, त्यात वापरलेल्या टीपा पडत राहतात. डबा भरला की वजन होतं आणि भंगारवाला घेऊन जातो.

या टीपांवर बहुतेक वेळा सीएनएमजी १२०४०८ असं कोरलेलं असतं. पहिलं अक्षर आकार सांगतं, सी म्हणजे ८० अंशांचा हिऱ्यासारखा चौकोन. दुसरं, एन, म्हणजे बाजूला उतार शून्य, त्यामुळे टीप उलटूनही वापरता येते. शेवटचं ०८ म्हणजे नाकाची गोलाई ०.८ मिलिमीटर. कारखाना या टीपेचे ८० अंशांचे कोपरे वापरतो, दोन वरचे आणि दोन खालचे. चारी संपले की टीप डब्यात. पण चौकोनाला आणखी दोन कोपरे असतात, १०० अंशांचे. तेही दोन्ही बाजूंना धरून चार. त्यांना कुणी हात लावलेला नसतो, आणि अंश जास्त म्हणून ते कोपरे मजबूत असतात. ७५ अंशांचा वेगळा होल्डर मिळतो, पीसीबीएनआर, तो याच कोपऱ्यांसाठी बनवलेला आहे. रफिंगला, विशेषतः बिडाच्या रफिंगला, तो उत्तम चालतो.

शॉपमधला सेटर माझ्यापेक्षा बराच तरुण.

“अण्णा, चार कोपरं संपली की आमच्यासाठी मेलीच ती.”

“आमच्यासाठी अजून चार जिवंत हाईत की रं.”

“मग घ्या की. पण मालकास्नी इचारून घ्या, हां.”

हे विचारणं महत्त्वाचं. वापरलेली टीप म्हणजे कंपनीचा माल, भंगार म्हणून का होईना त्याला किंमत आहे आणि ती हिशेबात धरलेली असते. ओळखीच्या कामगारानं खिशातून काढून दिलेला डबा मी घेत नाही. त्या पोराची नोकरी दोन मूठ टीपांसाठी जाऊ शकते. मालकाला भेटायचं, भंगारवाला किलोला जो भाव देतो त्यापेक्षा थोडा जास्त द्यायचा, चिठ्ठी घ्यायची, गेटवर दाखवायची. मालकाला तक्रार नसते, मला निवडून घ्यायला मिळतं. निवडताना घड्याळवाल्यांचं भिंग डोळ्याला लावतो. १०० अंशांच्या कोपऱ्याला केसाएवढीही चीर दिसली तर ती टीप परत डब्यात.

गेल्या वर्षापासून हा भाव चढा आहे आणि त्याचं कारण पार चीनमध्ये आहे. जगातलं बहुतांश टंगस्टन चीनमधून येतं, आणि ४ फेब्रुवारी २०२५ ला त्या देशानं टंगस्टनच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. कार्बाइड म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टनं बांधलेले, तेव्हा नवी टीप महागली आणि तिच्यामागून भंगारातली टीपही. राजस्थानात डेगाण्याला टंगस्टनची खाण होती, ती बंद पडून बरीच वर्षं झाली. आपल्या नागपूर भागात कुही-आगरगाव पट्ट्यात हे खनिज असल्याची नोंद आहे. त्यातून काय निघेल ते निघो, आज तरी रंगाच्या त्या डब्यात पडलेली प्रत्येक टीप म्हणजे बाहेरून पैसे मोजून आणलेला धातू आहे, आणि तिचे अर्धे कोपरे न वापरता ती वितळवायला जाते याचं मला खरोखर वाईट वाटतं.

होल्डरचं मात्र जपून. कारखान्याचा जुना होल्डर २५ बाय २५ मिलिमीटरचा असतो. त्याची धार बुडापासून २५ मिलिमीटर उंच, आणि माझ्या टूलपोस्टात सेंटर १६ वरच येतं. असा होल्डर स्वस्तात मिळाला तर घ्यायचा, पण खालून ९ मिलिमीटर मिलिंग करून घ्यायचा खर्च त्यात धरून भाव करायचा. टीपेची बैठक स्वतः करायची हौस असेल तर एवढं लक्षात ठेवावं: सीएनएमजीला स्वतःचा उतार नसतो, त्यामुळे बैठकच दोन्ही दिशांना साधारण सहा अंश खाली झुकलेली लागते. सपाट बैठकीवर ती टीप कापतच नाही, नुसती घासते.

आज होल्डर मिळाला. पीसीबीएनआर, २५ चाच. कोपऱ्याला आपटल्याची खूण होती, बैठक ठीक होती.

सकाळी ११

गोकुळ शिरगावच्या बाजूला भंगाराची आवारं आहेत. बिडाचा कीस म्हणजे बोरिंग एका ढिगात, पोलादाचा कुरळा कीस म्हणजे टर्निंग दुसऱ्यात, आणि कडेला पिंपांमधून तुटके ड्रिल, एंडमिल, रीमर, करवतीची पाती. माझं काम त्या पिंपांशी.

इथं तीन कसोट्या लागतात. पहिली हाताची. कार्बाइड पोलादाच्या जवळजवळ दुप्पट जड असतं. बोटभर लांबीचा तुटका एंडमिल उचलला आणि हात खाली गेला, तर तो अख्खा कार्बाइडचा. असा दांडा मी सोडत नाही. पोलादापेक्षा तो तिपटीच्या आसपास ताठ असतो, आणि लहान भोकाच्या बोरिंग बारला यापेक्षा चांगलं काही मिळत नाही. पोलादी बार व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढला की थरथरायला लागतो, कार्बाइडचा सहापटीपर्यंत शांत राहतो.

दुसरी कसोटी डोळ्यांची. बऱ्याच नगांच्या दांड्यावर खूण वाचता येते: एचएसएस म्हणजे साधं हायस्पीड, नाहीतर एम ३५, एम ४२. एम ३५ मध्ये पाच टक्के कोबाल्ट, एम ४२ मध्ये आठ. घासून अक्षरं पुसट झाली असतील तर थुंकी लावून उन्हात तिरकं धरायचं.

तिसरी ठिणगीची. आवारात ग्राइंडर असतोच, मालकाला विचारून नग हलका टेकवायचा. साध्या कार्बन स्टीलच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या, फुलबाजीसारख्या फुटत जातात. हायस्पीडच्या ठिणग्या थोड्या, आखूड, मळकट लाल, आणि त्या फुटत नाहीत. एकदा दोन्ही शेजारीशेजारी बघितल्या की पुन्हा चूक होत नाही.

टेपर शँकच्या मोठ्या ड्रिलमध्ये लोक फसतात. त्याचा कापणारा भागच हायस्पीडचा असतो. दांडा साध्या पोलादाचा, जोडून घेतलेला. त्या दांड्याचं टूल केलं तर पहिल्या फेऱ्यात धार जाते आणि माणूस हायस्पीडला नावं ठेवतो.

आज खरी लूट पॉवर हॅक्सॉच्या तुटक्या पात्यांची झाली. दोन मिलिमीटरच्या आसपास जाडी, लांबी हवी तेवढी. यातून पार्टिंगचं टूल इतकं सुरेख होतं की विकतचं पातं घ्यायचं कारण उरत नाही. फक्त पात्याच्या पाठीवरही ठिणगी बघायची. काही पाती जोड धातूची असतात, हायस्पीड नुसतं दातांच्या कडेला आणि पाठ मऊ. अशी पाती टूलला चालत नाहीत, पण टूलपोस्टात टूलखाली पॅकिंग म्हणून घालायला चांगली. धार सेंटरला बरोबर यावी म्हणून जाडीजाडीच्या पट्ट्या लागतातच.

“मामा, यातलं काय काय काढलासा?” आवारातला पोरगा वजनकाट्याजवळ विचारतो.

“तुमच्या कामाचं न्हाई ते सगळं.”

तो हसतो, काटा बघतो, किलोचा भाव सांगतो. एम ४२ चा दांडा आणि साधी सळई एकाच भावानं जातात. त्याला फरक सांगायचा का? मी सांगतो. पुढच्या वेळी तो माझ्यासाठी हायस्पीड वेगळं काढून ठेवतो, भाव थोडा वाढवतो, आणि पिंपात वाकून तासभर घालवण्यापेक्षा मला ते परवडतं.

दुपारी १

उजळाईवाडीवरून शाहू नाक्यानं शहरात. जेवण उरकलं.

दुपारी दीड

शिवाजी उद्यमनगरात शिरलं की पहिल्यांदा आवाज येतो. पंचगंगा-दुधगंगेच्या काठानं ऊस वाढला, पाणी उपसायला ऑइल इंजिनं लागली, ती आधी इथं दुरुस्त होत आणि मग इथंच बनू लागली. यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्रींचं नाव इथं अजून आदरानं घेतात. त्या काळातल्या शेडना लागून आज टूलची दुकानं आहेत, आणि त्यांचा मोठा गुण म्हणजे सुटा माल मिळतो. नवी टीप दहाच्या खोक्यात येते. घरच्या मशीनवाल्याला दहा कशाला हव्यात? इथं दुकानदार खोकं फोडून दोन देतो.

मी नवं काय घेतो ते सांगतो. हायस्पीडचे बीट नवे घ्यावेत, चांगल्या नावाचे, मिरांडा किंवा अ‍ॅडिसन. अर्धा इंच घेण्याऐवजी तीन अष्टमांश इंच घेतले तर पैसे बरेच कमी लागतात, घासायला धातूही कमी, आणि माझ्या मशीनचा कट तेवढाच. खाली पॅकिंग घातलं की झालं. ब्रेझ केलेली कार्बाइड टूल एक-दोन मिसळीच्या पैशात येतात. नवशिक्याला कार्बाइड हाताळून बघायला याहून स्वस्त वाट नाही. ती घेताना ग्रेड बघायचाच: पी म्हणजे पोलादासाठी, के म्हणजे बिडासाठी. मानकात पीचा रंग निळा, केचा लाल, एमचा पिवळा. मला बिडासाठी के २० हवा असतो. घाईत पी ३० हातात आला तर धार लवकर बसते.

टीपांचा होल्डर नवा घ्यायचाच असेल तर लहान मशीनला सीसीएमटी ०९टी३०४ बसणारा १२ मिलिमीटरचा होल्डर घ्यावा. दुसरं अक्षर सी म्हणजे बाजूला सात अंशांचा उतार, त्यामुळे टीप धातूत सहज शिरते, मशीनला दाबावं लागत नाही. नाक ०.४ चं, म्हणजे थरथर कमी. कोपरे दोनच वापरता येतात हे खरं, पण सीएनएमजीला जो जोर लागतो तो माझ्या मशीनच्या पट्ट्यात नाही. सीएनएमजीचे १०० अंशांचे कोपरे मी बिडाला, तेही मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या कटापुरतेच लावतो.

ऑनलाइन मिळणाऱ्या होल्डरच्या संचांबद्दल लोक विचारतात. सात-आठ होल्डर, सोबत टीपा, सगळं एका खोक्यात. होल्डर बहुधा कामाचे असतात, पोलादाचा तुकडा आणि एक स्क्रू, त्यात बिघडण्यासारखं थोडंच. टीपा मात्र कुठल्या ग्रेडच्या, कुणी केलेल्या, याचा पत्ता नसतो. तेव्हा होल्डर ऑनलाइन आणि टीपा ओळखीच्या दुकानातून, असं मी सांगतो. बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी लागतो, तरी बिल घ्यावं, कारण माल बदलायला तेच कामी येतं. मुंबईला कुणी जाणार असेल तर नागदेवी स्ट्रीटवर यातलं सगळं आणि आणखी दसपट बघायला मिळतं. प्रवासखर्च धरला तर दोन बीटांसाठी जाण्यात अर्थ नाही.

गल्लीच्या टोकाला मिलिंगवाला बसतो. २५ चा होल्डर त्याच्याकडं टाकला. होल्डरचं पोलाद कडक केलेलं असतं, साधा कटर त्यावर टिकत नाही, तो कार्बाइडनं घेतो. सोमवारी देतो म्हणाला.

दुपारी साडेतीन

स्वस्त आणि चांगल्या हत्यारांची सगळ्यात मोठी खाण भंगारातही नाही आणि दुकानातही नाही. ती म्हणजे जुन्या टर्नरची पेटी. उद्यमनगरात पन्नास-साठ वर्षं चाललेली एकेका माणसाची शॉप आता बंद होताहेत. पोरं सॉफ्टवेअरला गेली, शेडला भाडं चांगलं येतं, मशीन कुणी किलोवर घेऊन जातो आणि पेटी कोपऱ्यात राहते. आज राजारामपुरीकडच्या एका घरी अशी पेटी बघायला बोलावलं होतं. वडील जाऊन वर्ष झालेलं. मुलानं पेटी ओट्यावर आणून ठेवली.

“सगळं मिळून काय द्याल ते द्या, काका. मला यातलं काही कळत नाही.”

हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. त्याला कळत नाही, मला कळतं, आणि त्या फरकाचे पैसे माझ्या खिशात जाऊ नयेत. म्हणून एकेक वस्तू काढून सांगितली. हा मायक्रोमीटर चांगल्या कंपनीचा आहे, शून्य बरोबर आहे, हा विकू नका. विकलाच तर दुकानात अमुकच्या खाली देऊ नका. ही नर्लिंगची जोडी, चाकं झिजलेली. हे मोर्स टेपर दोन-तीनचे स्लीव्ह, आतून गंज नाही. हा ड्रिल चक, जबडे जरा ढिले. आणि तेलकट कागदात गुंडाळलेली थ्रेडिंगची टूलं, साठ अंशांची, पंचावन्न अंशांची, चौकोनी आट्याची, सगळी हातानं लावलेली. टेम्प्लेट लावून बघितलं तर उजेडाची रेघ दिसली नाही. पंचावन्न अंश म्हणजे व्हिटवर्थचा आटा, जुन्या पंपांवर आणि पाइपांवर तो अजून भेटतो. ही टूलं आज कुठल्याही दुकानात मागून मिळणार नाहीत, कारण ती लावायला जो हात लागतो तो विकायला नसतो.

मायक्रोमीटर आणि एक जुनं रिव्हॉल्व्हिंग सेंटर सोडून बाकीचं मी घेतलं. भाव नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लावला. मुलाला तो जास्त वाटला, तेव्हा मीच त्याला हिशेब मांडून दाखवला. थ्रेडिंगच्या टूलांना भाव लावता येईना. त्यांतलं एक घ्या, असं त्याला म्हटलं, घरात असू द्या. त्यानं साठ अंशांचं ठेवून घेतलं.

संध्याकाळी ५

परत कागल. चहा झाल्यावर दगडाशी बसलो. दिवसभर जे गोळा केलं ते अजून हत्यार झालेलं नाही, ते इथं होतं. ज्याला दगडावर धार लावता येत नाही त्यानं कितीही स्वस्त घेतलं तरी त्याला ते महाग पडणार, हे मी ठामपणे सांगतो. टूल ग्राइंडिंग पंधरवड्यात जमायला लागतं. आधी माइल्ड स्टीलच्या चौकोनी सळईवर सराव करावा म्हणजे बीट वाया जात नाहीत.

दोन दगड हवेत. हायस्पीडला करड्या रंगाचा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा, कार्बाइडला हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा. करड्या दगडावर कार्बाइड घासलं तर दगड झिजतो आणि टीप नुसती तापते. हायस्पीड पाण्यात बुडवत बुडवत घासलं तरी चालतं. कार्बाइड तापलेलं असताना पाण्यात घालायचं नाही, ताबडतोब चीर जाते. ते कोरडंच, थांबत थांबत.

कोन मापून बसत नाही, तरी आकडे डोक्यात असावेत. पुढचा आणि बाजूचा उतार आठ ते दहा अंश. वरचा उतार धातूप्रमाणे: माइल्ड स्टीलला बारा-चौदा, अ‍ॅल्युमिनियमला त्याहून जास्त, बिडाला चार-पाच, पितळ आणि गनमेटलला शून्य. गनमेटलच्या बुशाला स्टीलचं टूल लावलं तर ते धातूत खेचलं जातं आणि जॉब उचकटतो. शेवटी तेलदगडावर नाक चार-पाच वेळा फिरवायचं. नुसत्या ग्राइंडरची धार आणि तेलदगडाची धार यांतला फरक जॉबवर नखानं कळतो.

पॉवर हॅक्सॉच्या पात्याचं पार्टिंग टूल आधी केलं. वरून रुंद, खाली निमुळतं, आणि मागं जाताना दोन्ही बाजूंनी किंचित कमी, म्हणजे खाचेत अडकत नाही. एम ४२ च्या तुटक्या एंडमिलच्या दांड्यातून बोरिंगचा छोटा बीट काढला. ईएन ८ पोलादाच्या सळईला आडवं भोक पाडून तो त्यात ग्रब स्क्रूनं आवळला. बारीक बोरिंग बार झाला. कार्बाइडचा दांडा बाजूला ठेवला, त्याला डायमंडचा दगड लागतो, तो उद्यमनगरातल्या रिग्राइंडिंगवाल्याकडूनच करून घ्यायचा.

चष्मा घालायचाच. कार्बाइड घासताना तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, मास्क हवा. त्या धुळीत कोबाल्ट असतं आणि ते फुप्फुसात राहतं. टूलमध्ये वाचवलेले पैसे दवाखान्यात घालवायचे नाहीत.

संध्याकाळी साडेसात

चाचणी. होल्डर सोमवारी येणार, म्हणून बिडावर ब्रेझचं के २० लावलं. पुली चार जबड्यांच्या चकात धरली. पहिला कट भीत भीत पाव मिलिमीटरचा घेतात, तिथंच धार जाते, कारण टूलचं नाक त्या वाळूच्या कातडीतच फिरत राहतं. पहिलाच कट दीड मिलिमीटर घेतला, नाक कातडीच्या खाली, स्वच्छ धातूत. काळी भुकटी सरळ खाली पडत राहिली. दुसऱ्या फेऱ्याला बारीक फीडनं फिनिश. मग पुलीचं भोक नव्या बारनं. चौपटीच्या आत बाहेर काढला होता, थरथरला नाही. पार्टिंगचं पातं २५ च्या सळईवर, फेऱ्या निम्म्या करून, तेल सोडत. तळापर्यंत गेलं.

रात्री ९

वहीत आजचा खर्च लिहिला आणि पुढची यादी केली. हत्यारांचा प्रश्न काही महिन्यांपुरता मिटला. पुढचा पैसा टीपांवर घालायचा नाही, रिव्हॉल्व्हिंग सेंटरवर घालायचा. पेटीत एक जुनं मिळालं होतं, मुद्दाम घेतलं नाही. त्याचं बेअरिंग हातानं फिरवताना खरखरत होतं, आणि त्या सेंटरवर लांब शाफ्ट घेतला तर कितीही चांगलं टूल लावा, जॉब गोल येत नाही. सेंटर, चक आणि मोजायची साधनं नवीच घ्यावीत किंवा पूर्ण तपासून घ्यावीत, काटकसर बाकी सगळ्यात. सोमवारी होल्डर आणायला जाईन तेव्हा मोर्स टेपर तीनचं सेंटर बघून येईन. आणि सेटर बाजूला काढून ठेवतो म्हणालाय, त्या टीपांसाठी मालकाला आधी फोन.